इस्लापूरच्या चढाचे वॅट

भिंतीच्या भेगेत फूटपट्टी घातली की आधी मुंग्या बाहेर येतात.

पारदर्शक नळीत पाणी भरताना आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. बुडबुडा राहिला की पाणी खोटं बोलतं.

लातूरच्या एका चौकात एका क्लासचा तीन मजले उंच फलक आहे. त्यावर एकशे बारा मुलामुलींचे चेहरे आहेत, सगळे मानेपर्यंतच.

साठ किलोच्या माणसानं सेकंदाला एक मीटर सरळ वर चढायचं म्हटलं तर पाचशे अठ्ठ्याऐंशी वॅट लागतात. माणसं तसं चढत नाहीत.

हदगावच्या मोंढ्यात मे महिन्यात हळदीचा वास कपड्यांना धरतो, आणि घरी जाऊन दोनदा धुतलं तरी

"जरा आत घाल की पट्टी, अप्पा."

*

रेणुकादास लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होता. घर नांदेडला. बायको भार्गवी तिथल्याच एका शाळेत शिक्षिका, मुलगी सौदामिनी नुकतीच दहावी झालेली. आठवडाभर लातूर आणि शनिवारी संध्याकाळच्या बसनं नांदेड, असं त्याचं अकरा वर्षं चाललेलं. गावोगावचे आईबाप ट्रंका घेऊन लातुरात उतरायचे ते दिवस. एका खोलीत चार पोरं, एका बाकावर पाच. मेसच्या डब्यांची रांग दवाखान्याच्या रांगेपेक्षा लांब असायची.

प्रत्येक नव्या बॅचला रेणुकादास एक गोष्ट सांगायचा. भूकंपाच्या वर्षी तो वीस वर्षांचा होता. पडझडीची मोजणी सुरू झाली आणि लिहिता-वाचता येणारी माणसं कमी पडली, म्हणून त्याच्या हातात वही आणि फूटपट्टी आली. भेग किती रुंद त्यावरून घराचा वर्ग ठरायचा आणि वर्गावरून मदत. निलंग्याकडच्या एका गावात दानम्मा नावाच्या म्हातारीच्या भिंतीतली भेग ठरलेल्या मापाला दोन सूत कमी भरली. ती म्हणाली, जरा आत घाल की पट्टी, अप्पा, दोन सुतानं तुझं काय जातंय? रेणुकादासनं जे भरलं ते लिहिलं.

"आकडा म्हणजे आकडा," तो फळ्याकडं पाठ करून सांगायचा. "आकड्याशी भांडायचं नाही."

दानम्माचं पुढं काय झालं हे तो सांगत नसे, कारण ते त्यानं कधी जाऊन पाहिलंच नव्हतं.

*

सौदामिनी सायकल चालवायची. शाळेला जायची सायकल नव्हे, वाकड्या हँडलची, रस्त्यावर पळवायची. नांदेडात पाशामियाँचं सायकलचं दुकान होतं. त्यांचा मुलगा वकारच सायकलची जुळणी करून द्यायचा, तोच तिच्यामागं मोटरसायकल घेऊन घड्याळ लावायचा. तालुक्याला पहिली, जिल्ह्याला पहिली, विभागाला दुसरी, असं होत होत पुण्याच्या एका अकादमीचा अर्ज तिच्या हाती आला. राहणं, खाणं, शाळा, सगळं तिथंच. अर्जात एक रकाना होता: सलग आठ मिनिटांच्या आसपास टिकवलेली सरासरी ताकद, किमान दोनशे दहा वॅट. मीटर नसल्यास मोजणीची पद्धत लिहावी.

रेणुकादास सौदामिनीला आणि अर्जाची प्रिंट घेऊन दुकानात गेला.

"मीटर असतो सर," वकार म्हणाला. "क्रँकमध्ये बसतो. एकाच पायाचं मोजतो अन् दुप्पट करून सांगतो. सस्त्यातला सस्ता घ्या म्हणलं तरी पोरीच्या सायकलीपेक्षा महाग पडून राहिला."

"दुप्पट करतो? दुसरा पाय न बघताच?"

"हाव."

"याला मोजमाप म्हणत नाहीत, वकार. याला श्रद्धा म्हणतात."

"पेडलमधला दोन्ही पाय बघतो. त्याची किंमत इथं नका विचारू, अब्बा बसलेत."

पाशामियाँ गल्ल्यावरून म्हणाले, "विचारा, विचारा. माझं दुकान जातं का त्यात, तेवढं सांगा."

"फोनवरचं ॲप फुकट आहे," सौदामिनी म्हणाली.

"ते हवेतून आकडा काढतं," वकार म्हणाला. "मागून वारा असला की तू पैलवान, समोरून असला की आजारी."

रेणुकादासनं खिशातलं पेन काढलं आणि टायरच्या खोक्यावर लिहायला घेतलं. त्याला अशा वेळी बरं वाटायचं. "चढ पाहिजे. चढावर वेग कमी, त्यामुळं हवेचं फार चालत नाही. किती वजन, किती उंच, किती वेळात. तीन आकडे. हवेचा आणि रस्त्याचा अंदाज वर मिळवायचा. मीटर घेऊन काय करायचंय?"

तिथंच, खोक्यापाशी, बापलेकीचं ठरलं. दोनशे दहा आले तर पुणे. नाही आले तर लातूर, दोन वर्षं, मेडिकलची तयारी, आणि सायकलचं नाव काढायचं नाही.

"नक्की?" ती म्हणाली.

"आकडा म्हणेल तसं."

"मग हरकत नाही," ती म्हणाली. तिला आकड्याची भीती वाटत नव्हती.

भीती असेल तर रेणुकादासला होती. क्लासचा संचालक अनिमेष त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता आणि त्याला नेहमी खांद्यावर हात ठेवूनच बोलायचा. मागच्याच आठवड्यात म्हणाला होता, "सर, तुमचीच मुलगी आपल्याकडं नसली, तर पालकांनी काय समजायचं?"

*

चढ ठरला इस्लापूरच्या पुढचा, किनवटच्या वाटेवरचा. उंची मोजायला केरबा आला. केरबा गवंडी. भूकंपानंतर नवी गावं वसवली तेव्हा तो तिकडं मजुरीला गेला आणि पाण्याच्या नळीनं पातळी काढायला शिकून परत आला. वीस मीटरची नळी. खालच्या टोकाला वकार, वरच्या टोकाला केरबा, दोन्हीकडं पाणी थांबलं की पट्टीवर खूण, मग वीस मीटर पुढं. एका रविवारी सकाळी सहाला लागले आणि दुपारी दोनला सुटले. एकशे सोळा वेळा नळी उचलली, आणि दर खेपेला कमीजास्त मीटरभर चढ. रस्त्यानं जाणारे ट्रकवाले विचारायचे, पाइपलाइन येऊन राहिली का?

"हाव," केरबा ओरडायचा. "तुमच्या घरालाच."

उंची एकशे सोळा मीटर. लांबी दोन हजार तीनशे वीस.

*

वजन हदगावला घ्यायचं ठरलं, पुढच्या रविवारी, चढावर जाता जाता. दवाखान्यातला काटा माणसाचा, किराण्यातला साखरेचा. सायकल, बूट, हेल्मेट, पाण्याची बाटली आणि सौदामिनी असं सगळं एकदम तोलायचं तर मोंढ्यातला पोत्यांचा काटाच हवा. कल्पना रेणुकादासची. मोजमाप बाजारातल्या प्रमाणित काट्यावर झालं असं त्याला अर्जात लिहायचं होतं.

रविवार असूनही एका आडतीवर हळद आली होती. मापाडी विरूपाक्ष पोती तोलत होता. वकारनं ओळख काढली, तसा त्यानं दोन पोती बाजूला सारली.

"या ताई, चढा. सायकल उभी धरा. सर, तुम्ही मागं सरा जरा, पाय फळीला लागून राहिला तुमचा."

रेणुकादास दोन पावलं मागं सरला. हा माणूस चोख आहे, असं त्याच्या मनात आलं.

"याचं अल्पतम माप किती?"

"काय म्हणले?"

"किती ग्रॅमपर्यंत दाखवतो?"

"पन्नास. पण पन्नास ग्रॅम इथं कोण इचारतंय!"

पोत्यावर बसलेला हमाल विरूपाक्षला म्हणाला, "अप्पा, माल वला हाय का वाळलेला, ते बघा आधी."

"ओला," सौदामिनी हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाली. "घाम आलाय."

सगळे हसले. काट्याचे लाल आकडे विरूपाक्षच्या तोंडाकडं होते, आणि रेणुकादास उन्हाच्या बाजूला. विरूपाक्षनं नजर टाकली आणि लिलावाच्या सुरात हाळी दिली, "अडुसष्ट!" मग काटापट्टीवर लिहून दिलं.

नग एक. ६८.०० किलो.

खाली सही आणि फोन नंबर. पन्नास ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर इतका गुळगुळीत आकडा कसा आला, हे विचारायला हवं होतं. असे आकडे पाहिले की संशय घ्या, हे तो दर वर्षी शिकवायचा. पण पट्टी छापील होती, तिच्यावर सही होती. रेणुकादासनं ती घडी घालून पाकिटात ठेवली.

*

खाली वकार, फोन कानाला लावून. वर रेणुकादास, घड्याळ घेऊन, शेजारी केरबा.

"गेली!"

मग बराच वेळ नुसता रस्ता. सागाची वाळलेली पानं. शेवटच्या वळणावर आधी हेल्मेट दिसलं, मग खांदे, मग ती सगळीच. उभी राहून पेडल मारत होती, तोंड उघडं, आणि तिची नजर बापावर नव्हती, त्याच्या पायाशी आखलेल्या चुन्याच्या रेघेवर होती. एवढं एकाच गोष्टीकडं बघणारं माणूस रेणुकादासनं वर्गात कधी पाहिलं नव्हतं.

आठ मिनिटं दोन सेकंद.

ती मैलाच्या दगडावर बसली, थुंकली, आणि म्हणाली, "काढा."

अडुसष्ट गुणिले नऊ पूर्णांक एक्क्याऐंशी गुणिले एकशे सोळा, भागिले चारशे ब्याऐंशी. एकशे साठ पूर्णांक पाच. हवा आणि रस्ता मिळून पंचेचाळीसला थोडे कमी. वकार खालून पिकअप घेऊन वर आला, तिच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं बेरीज केली आणि दोनदा तपासली.

दोनशे पाच पूर्णांक चार.

सौदामिनी कागदाकडं बघत राहिली. "पुन्हा जाते," ती म्हणाली. "दहा मिनिटं द्या."

"ठरलं होतं ना आपलं?"

"सर," वकार मध्ये पडला, "पोरांना तुम्हीच सांगता म्हणे, तीन रीडिंग घ्या अन् सरासरी काढा."

"तीन रीडिंग यंत्राची घेतात. माणूस दमतो, दुसरं रीडिंग खोटंच येणार."

"मग उद्या घेऊ. म्या येतो."

"उद्या सोमवार आहे. मला लातूरला तास आहेत."

केरबानं चुन्याच्या रेघेवर उगाच पाय घासला. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी रेणुकादासच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. ते त्याला स्वतःला कळलं, आणि कळल्यावर त्यानं कागदाची घडी जरा जास्तच काळजीनं घातली.

परतीच्या वाटेवर सौदामिनी मागं सायकलशेजारी बसून आली. हिमायतनगर गेलं, हदगाव गेलं, अर्धापूर गेलं. घरी भार्गवीनं दार उघडलं, दोघांची तोंडं पाहिली, आणि विचारलं, "किती कमी पडले?"

"पाच," रेणुकादास म्हणाला.

"पाचच?" भार्गवी म्हणाली, आणि आत निघून गेली.

*

(सायकल वकारच्या दुकानात हुकाला टांगली. चाकं काढून.)

*

लातूर. जूनचा शेवटचा आठवडा, गुरुवार. सकाळची बॅच, एकशे ऐंशी मुलं. सौदामिनी या बॅचला नव्हती, दुपारच्या होती. 'कार्य, ऊर्जा आणि शक्ती' हे प्रकरण चालू होतं. रेणुकादासनं फळ्यावर गणित घातलं: एक मुलगी सायकलवरून एकशे सोळा मीटर उंच चढ चारशे ब्याऐंशी सेकंदांत चढते. सायकलसह वजन अडुसष्ट किलो. शक्ती काढा.

"हे पुस्तकातलं नाही," तो म्हणाला. "खरं आहे. उंची गवंड्याच्या नळीनं मोजली, वजन हदगावच्या मोंढ्यात केलं. भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा लागत नाही."

तिसऱ्या बाकावरची राजश्री उठली. तामसा गावची, हदगाव तालुक्यातली. एरवी तोंड उघडायची नाही.

"सर, हे वजन कडता धरून आहे का सोडून?"

"काय धरून?"

"कडता सर. पोत्याचं वजन असतं, माती असती, ओल असती. म्हणून मापाडी पोत्यामागं दोन किलो कमीच सांगतो. आता बंद झालं म्हणतात, पण सांगतो. आमचे पप्पा घरून बाहत्तर मोजून नेतात, तिथं सत्तर होतं."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. "सर, पोरीला पोत्यात भरलं होतं का?" कुणीतरी म्हणालं.

रेणुकादासच्या हातातला खडू फळ्याला टेकलेलाच राहिला. भिंतीची भेग त्याला माहीत होती, सूत माहीत होतं, अल्पतम माप माहीत होतं. नांदेडात जन्म गेला, पण मोंढ्यात माल घेऊन तो किंवा त्याचा बाप कधी उभा राहिला नव्हता.

"माणसाला कडता नसतो," तो म्हणाला. "खाली बस. सोडवा पटापट."

*

तास संपल्यावर त्यानं पाकिटातली काटापट्टी काढली आणि जिन्याखाली उभं राहून फोन लावला.

"कोन? सायकलवाली ताई? हाव हाव, ध्यानात हाय."

"काट्यावर किती दिसलं होतं त्या दिवशी?"

"ते कसं ऱ्हाईल ध्यानात, सर."

"कडता कापला होता का?"

"मुद्दाम न्हाई कापला. पर तोंडातून निव्वळच निघतं, सर. वीस वर्सं झाली. काटा सत्तर म्हणतो, तोंड अडुसष्ट म्हणतं."

"अहो, माणूस होता ना काट्यावर!"

"काट्यावर चढलं की मालच की." मग तो हसला. "पर तुमचं काय नुकसान झालं? इकायची थोडीच होती ताईला."

*

सत्तर गुणिले नऊ पूर्णांक एक्क्याऐंशी गुणिले एकशे सोळा, भागिले चारशे ब्याऐंशी. एकशे पासष्ट पूर्णांक तीन. हवा आणि रस्ता पंचेचाळीस पूर्णांक चार.

दोनशे दहा पूर्णांक सात.

*

अर्जाची मुदत त्याच दिवशी, गुरुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत होती. तारीख त्याला पाठ होती. अर्ज ऑनलाइन, भरून ठेवलेला, फक्त तो एक रकाना रिकामा. फोनवर पाच मिनिटांचं काम.

तो स्टाफरूममध्ये बसला आणि मोजमापातल्या चुकीची शक्यता काढायला घेतली. केरबाची नळी: एकशे सोळा वेळा उचलली, दर वेळी अर्ध्या सेंटिमीटरचा फरक धरला तर किती? वकारनं "गेली" म्हणायला लावलेला वेळ? हवेचा अंदाज तर अंदाजच. आणि वर फक्त शून्य पूर्णांक सात. पूर्णांक सातवर कुणी पोरगी परगावी धाडतं का? दोनशे पाच आले होते तेव्हा ही शक्यता काढायचं त्याच्या मनात आलं नव्हतं. दोनशे दहाच्या वर आकडा गेल्यावरच त्याला ती सुचली, आणि हे त्याला कळत होतं. तरी त्यानं गणित पुरं केलं.

मग चार वाजले आणि तो खाली फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

सौदामिनी तीन मुलींबरोबर बाहेर आली. महिन्याभरात तिचे गाल भरले होते. बापाला पाहून ती थांबली, मैत्रिणी पुढं गेल्या.

"बाबा? आज इथं?"

"असंच. चहा घेतेस?"

समोरच्या टपरीवर दोघं बाकड्यावर बसले. कागद त्याच्या शर्टाच्या खिशात होता, वरची कड दिसत होती.

"टेस्टचे मार्क लागले," ती म्हणाली. "चौथी आले."

"मुलींत?"

"सगळ्यांत."

"वा," तो म्हणाला, आणि त्याला खरंच आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्याला किळस आली, दोन्ही एकदमच.

चहा आला. तिनं फुंकर घातली.

"बाबा, एक सांगू? तुम्ही रागावणार नसाल तर."

"सांग."

"पहिले आठ दिवस मी रोज वकारभाईला फोन करायचे. म्हणायचे, टायरमध्ये हवा कमी होती का हो? ब्रेक घासत होता का? चेन कोरडी होती का? ते बिचारे सगळं परत तपासून सांगायचे, न्हाई गं, सायकल एकदम ओके होती." तिनं चहाचा घोट घेतला. "मग मी सोडून दिलं. सायकल बरोबर होती, तुमचं गणित बरोबर होतं. मग माझेच पाय कमी पडले. असतं ना एखाद्याचं. उगाच दोन वर्षं तिथं जाऊन कळलं असतं, त्यापेक्षा आठ मिनिटांत कळलं. बरंच झालं."

रेणुकादासनं खिशाला हात लावला. "सौदामिनी."

"हं?"

ती त्याच्याकडं बघत होती. शांत. अभ्यासाला बसलेल्या कुठल्याही मुलीचा चेहरा. मैलाच्या दगडावर बसून "काढा" म्हणणारी ती ही नव्हे, असं त्याला वाटलं. आणि हिला आता उठवून परत त्या चढाच्या तळाशी नेऊन उभं करणं म्हणजे क्रूरपणाच, असंही वाटलं. सोयीचं होतं ते वाटणं. सोयीचं आहे हेही त्याला दिसत होतं.

"काय बाबा?"

"बिस्कीट घे की काहीतरी. डबा बरा असतो का मेसचा?"

"डाळ पाणीदार असते. बाकी ठीक."

मग आईबद्दल बोलणं झालं, खोलीतल्या पंख्याबद्दल झालं. टपरीवाल्याच्या डोक्यावर घड्याळ होतं. रेणुकादास त्याच्याकडं पाठ करून बसला होता, तरी ते त्याला ऐकू येत होतं. पाचाला पाच कमी असताना सौदामिनी उठली, दप्तर खांद्याला लावलं.

"जाते. डाउट सेशन आहे."

"कशाचं?"

"तुमच्याच विषयाचं," ती हसून म्हणाली. "तुमच्या बॅचवाल्यांना सकाळी कसलं तरी सायकलचं गणित घातलंत म्हणे. पोत्याबित्याचं. राजश्री माझ्या खोलीवर असते, ती सांगत होती फोनवर. रात्री दाखवते म्हणाली."

ती रस्ता ओलांडून गेली. रेणुकादास बाकड्यावरून उठला नाही. त्यानं दुसरा चहा मागितला, तो समोर निवत राहिला, आणि पाच वाजून गेल्यावर त्यानं पैसे दिले.

अर्जाची मुदत पंधरा दिवसांनी वाढवल्याची सूचना अकादमीनं त्याच आठवड्यात, तीन दिवस आधी, सोमवारी सकाळीच संकेतस्थळावर लावली होती.